छावणीतून शाळेत: एका चित्रमालिकेची कुळकथा

कोल्हापुरापासून सतरा-अठरा किलोमीटरांवर, पन्हाळ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा जो सोहळा भरतो, त्याच्या केवळ बाह्य रूपाकडे पाहिले, तर एखाद्या फौजेच्या मुक्कामाचा सारा सरंजाम तेथे एकत्र झालेला दिसतो. रत्नासुराचा निःपात करणारा खड्गधारी देव, त्याचे घोड्याचे वाहन, गावोगावहून निशाणासारख्या डौलाने आलेल्या उंच सासनकाठ्या, त्या काठ्यांच्या मानाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला क्रम आणि पालखी निघताना होणारी तोफेची सलामी, या सर्वांवर लष्करी शिरस्त्याची मुद्रा स्पष्ट आहे. देऊळही सरदारांनीच उभारले. मुख्य मंदिर १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधले आणि शेजारचे केदारेश्वराचे १८०८ साली दौलतराव शिंद्यांनी. असे असूनही गुलालात न्हालेल्या, 'चांगभलं'चा गजर करीत काठी नाचवणाऱ्या तरुणाला आपण कोणा मोहिमेवर आहोत असे वाटत नाही. फौज गेली, तिचा लवाजमा तेवढा देवाच्या चाकरीत राहिला, आणि ज्या हातांनी भाले पेलले असतील त्यांच्याच वंशजांच्या हातांत तो आनंदाचा विषय झाला.

लष्करी शिस्तीचे असे आनंदात रूपांतर निरनिराळे समाज निरनिराळ्या वाटांनी करतात. जपानने ते शाळेच्या वर्गात केले, आणि त्यातून 'फुल मेटल पॅनिक!' ही अॅनिमे चित्रमालिका जन्माला आली. युद्धाचा थरार आणि माध्यमिक शाळेतील विनोद अशा दोन विजातीय रसांचे तिच्यात जे मिश्रण आहे, ते वरवर पाहता लेखकाची लहर वाटेल. परंतु तिची कुळकथा शोधीत मागे गेले म्हणजे ध्यानी येते की जपानी शाळा आणि जपानी छावणी यांचे नाते त्या मालिकेच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षे जुळलेले होते.

१८८५ साली मोरी आरिनोरी हे जपानचे शिक्षणमंत्री झाले, आणि लवकरच त्यांच्या अमदानीत शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयांत लष्करी पद्धतीची कवायत सक्तीची झाली. त्याच सुमारास उमरावांच्या मुलांसाठी असलेल्या गाकुशुइन या शाळेने विद्यार्थ्यांनी गाड्याघोड्यांतून आणि नोकरांच्या हाती दप्तर देऊन येण्याची चाल बंद करून शिपायांच्या पाठीवरची पडशी त्यांच्या पाठीवर चढवली. आज जपानातील प्राथमिक शाळेचे जवळजवळ प्रत्येक मूल जे टणक चामडी दप्तर पाठीवर घेऊन शाळेला निघते, त्याचा हा पूर्वज. १८८६ साली टोकियोच्या शाही विद्यापीठाने उभ्या गळपट्टीचा, पितळी गुंड्यांचा, पलटणीच्या कोटावर बेतलेला गणवेश स्वीकारला, आणि पुढे तो सर्व मुलग्यांचा झाला. मुलींच्या वाट्याला, १९२०च्या सुमारास, आरमारातील खलाशाचा रुंद गळपट्टीचा पोशाख आला. शाळाशाळांतून होणाऱ्या क्रीडामहोत्सवाचेही मूळ १८७४ साली त्सुकिजी येथील आरमारी विद्यालयात भरलेल्या सामन्यांत सापडते. एवढ्यावरही हा ओघ थांबला नाही. १९२५ साली सेवेत असलेले लष्करी अधिकारीच शाळांवर तैनात करण्याचा हुकूम निघाला, आणि १९४३च्या ऑक्टोबरात टोकियोच्या क्रीडांगणावर भर पावसात विद्यार्थ्यांच्या पलटणी, खांद्यावर बंदुका घेऊन, युद्धावर जाण्यासाठी निरोप घेत चालत गेल्या. गणवेशाच्या ज्या वाटेचा आरंभ पाठीवरच्या पडशीने झाला होता, तिचा शेवट हा असा झाला, आणि त्यातील पुष्कळ मुले परत आली नाहीत.

तथापि त्याच काळात, त्याच छावणीच्या पोटात, विनोदाचेही बीज रुजत होते. तागावा सुइहो या चित्रकाराने स्वतः पलटणीत शिपाईगिरी केली होती, आणि १९३१ साली 'शोनेन कुराबु' या मुलांच्या मासिकात त्याने 'नोराकुरो' ही चित्रकथा सुरू केली. कुत्र्यांच्या पलटणीत भरती झालेला एक काळा, अनाथ, भटका कुत्रा, त्याची आज्ञापालनातील धांदल आणि त्या धांदलीतूनच त्याला मिळत गेलेल्या बढत्या, एवढाच तिचा विषय. पण शिपाईपणाच्या गांभीर्यावर मुलांना मोकळेपणी हसू देणारी ती कथा दहा वर्षे चालली आणि १९४१ साली, जेव्हा राज्यकर्त्यांना हसणे परवडेनासे झाले, तेव्हा बंद पाडण्यात आली. तिच्या जागी आरमाराच्या पैशांनी काढलेला, मोमोतारो या लोककथेतील बालवीराला सैन्याचा नायक बनवणारा 'मोमोतारो: उमी नो शिनपेइ' हा दीर्घ अॅनिमेशनपट १९४५च्या एप्रिलात पडद्यावर आला. युद्धाचा प्रचार हाच त्याचा हेतू होता. परंतु ओसाकाच्या चित्रपटगृहात तो पाहून भारावलेल्या तेझुका ओसामु नावाच्या तरुणाने पुढे जपानी चित्रमालिकेचा पाया घातला, आणि मला या साऱ्या इतिहासात हा योगायोग सर्वांत विलक्षण वाटतो.

युद्धानंतर जपानने आपल्या राज्यघटनेतच युद्धाचा त्याग लिहून ठेवला. शाळेतील कवायत गेली; गणवेश मात्र राहिला, आणि काही पिढ्यांत त्याचा लष्करी जन्म विस्मृतीत गेला. चित्रमालिकांतून सैनिक पुन्हा अवतरला तो कुमारवयीन होऊनच: १९७९च्या 'मोबाइल सूट गंडाम'मध्ये अनिच्छेने अजस्र यंत्रमानव चालवू लागलेला मुलगा अवघ्या पंधरा वर्षांचा आहे.

या परंपरेचा वारसा घेऊन गातो शोजी या लेखकाने १९९८ साली 'फुल मेटल पॅनिक!'च्या कथा लिहावयास घेतल्या. सागारा सोसुके हा गुप्त लष्करी संघटनेतील सार्जंट. चिदोरी कानामे या मुलीचे, तिच्या नकळत, रक्षण करण्याच्या कामगिरीवर तो तिच्या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल होतो. बालपणापासून त्याने युद्धाखेरीज काही पाहिलेले नाही. म्हणून बूट ठेवण्याच्या कप्प्याला कोणी हात लावल्याचे दिसताच आत सुरुंग असावा असे मानून सागारा तो कप्पाच स्फोटाने उडवून देतो, आणि मागाहून कळते की आत कोणा मुलीने ठेवलेले प्रेमपत्र होते. प्रेक्षक हसतो, चिदोरी कागदी पंख्याने त्याच्या डोक्यात हाणते, आणि वर्ग पुढे चालू होतो.

लेखकाने आपल्या कथांचे दोन प्रवाह वेगळे ठेवले होते. दीर्घ कादंबऱ्यांत युद्ध, आणि 'ड्रॅगन मॅगझिन'मधील लघुकथांत शाळेचा हास्यरस. चित्रमालिकांनीही हीच विभागणी पुढे नेली. पहिली मालिका २००१ सालीच यावयाची होती, पण ११ सप्टेंबरच्या न्यूयॉर्कमधील संहारानंतर ती लांबणीवर पडून २००२च्या जानेवारीत दाखवण्यात आली. २००३ साली क्योतो अॅनिमेशन या संस्थेने केवळ विनोदी कथांची 'फुमोफू' ही मालिका काढली, २००५ साली त्याच संस्थेने युद्धाकडे वळणारा पुढचा भाग केला, आणि त्यानंतरचा २०१८ साली आला.

आपल्याकडे अशी कथा का झाली नाही, हा प्रश्न महाराष्ट्रीय वाचकाला सुचणे स्वाभाविक आहे. लष्कर आपल्याही शाळेत आले. इटलीतील युवकांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था १९३१ साली पाहून आलेल्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल स्थापले. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास निघाली. शाळकरी विनोदाचीही आपल्याकडे वाण नव्हती. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेतून निघून चिनी आक्रमणाच्या दिवसांत थेट ईशान्येकडील नेफाच्या सीमेपर्यंत पोहोचला. परंतु फेणे आणि सागारा या दोघांच्या प्रवासाची दिशा भिन्न आहे. फेणे हा शाळेतून रणांगणाकडे जाणारा मुलगा, त्यामुळे त्याच्या कथेत साहस आणि हर्ष आहे. सागारा हा रणांगणातून शाळेकडे आलेला मुलगा, आणि त्याच्या प्रत्येक फजितीच्या मुळाशी त्याच्यापासून हिरावून घेतलेले बालपण आहे. आपण हसतो ते शिपाईपणाला नव्हे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला प्रेमपत्र ओळखता येऊ नये, या एका गोष्टीत गातो शोजीने युद्धाचा जेवढा धिक्कार केला आहे तेवढा पुष्कळ गंभीर कादंबऱ्यांना साधलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

छावणीतून गावाकडे परतणारा माणूस कोल्हापूर-साताऱ्याच्या या मुलखाला नवा नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी काय किंवा साताऱ्याकडील अपशिंगे मिलिटरी काय, गावाच्या नावातच फौजेची नोंद असलेली खेडी येथे आहेत. रजेवर आलेला किंवा निवृत्त झालेला जवान पहाटे ठरल्या वेळी उठतो, घरच्या पोरांना रांगेत उभे करतो, सासनकाठी उचलताना शेजाऱ्याला हुकूम सोडतो, आणि घरची माणसे त्याला हसून सांभाळून घेतात. जपानने सागारासाठी जी शाळा कल्पनेने रचली, ती आपल्याकडे ओसरीवर आणि चैत्राच्या यात्रेत प्रत्यक्ष भरत आली आहे. मराठी बालवाङ्मयाने फास्टर फेणेला सीमेवर पाठवले, हे उत्तम केले; आता सीमेवरून उतरून, तोफेच्या सलामीला दचकून, पुन्हा गुलालात मिसळणाऱ्या माणसाची हसरी कथा या भागातील लेखकांनी आणि चित्रकारांनी लिहावयास घ्यावी, आणि ज्या वाचकांना 'फुमोफू' ठाऊक आहे त्यांनी तिच्या आधीची २००२ची मालिकाही जरूर पाहावी.