सांधेदुरुस्तीची वाट : गारगोटी, मिरज आणि पुढे

वेदगंगेच्या काठी वसलेले गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असून, भाताच्या चिखलात वाकून आणि डोंगरउतारावर ओझी वाहून ज्यांचे आयुष्य सरले, अशा माणसांच्या गुडघ्याखुब्यांवर उपचार कसे होत गेले हे पाहायचे, तर आरंभ हाडवैद्यापासूनच करावा लागतो. निखळलेला सांधा ओढून जागेवर बसवणे, त्यावर आंबेहळद व रक्तबोळाचा लेप देणे आणि बांबूच्या कामट्यांनी अवयव जखडणे ही त्याची रीत होती. सुश्रुतसंहितेने हाड मोडण्याला काण्डभग्न व सांधा सुटण्याला संधिमुक्त म्हटले असून संधिमुक्ताचे सहा प्रकार सांगितले आहेत. तथापि हाडवैद्याची विद्या पोथीपेक्षा हातातून हातात आलेली होती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले, आणि जिथे सांधा निखळणे नित्याचेच अशा तालमींतून वस्तादांच्याही हाती ही विद्या राहिली. तिचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही : कामट्या फार आवळल्या गेल्यास रक्तपुरवठा तुटून अवयवच गमावण्याची वेळ येई. शिवाय निखळलेला सांधा बसवता येतो, झिजलेला नाही.

दक्षिण महाराष्ट्रात पाश्चात्त्य शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाच्या रूपाने मिरजेत उभे राहिले. त्याच मिरजेत पुढे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी इलिझारोव्ह पद्धत, म्हणजे हाडातून आरपार घातलेल्या तारा बाहेरच्या कड्यांना ताणून हाड जोडण्याची व वाढवण्याची पद्धत, भारतात रुजवली. झिजलेल्या सांध्याला खरा पर्याय इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये दिला. त्यांच्या कृत्रिम खुब्यात धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो. पुण्यात १९६५ मध्ये रुग्णालय सुरू करणारे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा स्वदेशी कृत्रिम गुडघा विकसित केला. मांडी घालून जेवणाऱ्या आणि उकिडवे बसणाऱ्या समाजाच्या गरजा परदेशी सांध्याच्या मापात पुरत्या मावत नव्हत्या, हे लक्षात घेता या प्रयत्नाचे मोल केवळ स्वस्ताईपुरते मानणे अन्यायाचे होईल.

किमतीचा प्रश्न तरीही उरलाच. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरवली, जी त्याआधी सरासरी दीड लाखांवर होती. शस्त्रक्रियेचे व खाटेचे बिल मात्र त्या आदेशाच्या कक्षेत आले नाही.

यंत्रमानव या इतिहासात १९९२ मध्ये आला. त्या वर्षी कॅलिफोर्नियात ‘रोबोडॉक’ या यंत्राने खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडात कृत्रिम सांध्यासाठी पोकळी कोरली. आजच्या बहुतेक यंत्रांत करवत शल्यविशारदाच्याच हाती असते. सीटी स्कॅनवरून किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या मापांवरून संगणक हाडाचा नकाशा आखतो आणि यंत्राचा हात करवतीला त्या आखणीबाहेर जाऊ देत नाही. सांधा बसवण्यातील अचूकता यामुळे वाढते हे खरे. परंतु त्यामुळे रुग्णाला दीर्घकाळ अधिक चांगले चालता येते, हे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही, आणि या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला ते आधी सांगितले गेले पाहिजे.

जैवमुद्रणाचा मार्ग वेगळा आहे. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत, म्हणजे गुळगुळीत लवचीक आवरणात, रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची जखम नीट भरून येत नाही. विल्यम हंटर यांनी हे १७४३ मध्येच नोंदवले होते. स्वीडनमधील शल्यविशारदांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा गुडघ्यात रोवल्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. जैवमुद्रणात अशा जिवंत पेशी पाणीदार जेलमध्ये मिसळून थरावर थर छापल्या जातात. छापलेल्या ऊतीला शरीराचा भार पेलण्याइतके बळ आणणे आणि ती खालच्या हाडाशी एकजीव करणे या दोन अडचणी अजून सुटलेल्या नाहीत, त्यामुळे भुदरगडातील पुरत्या झिजलेल्या गुडघ्यावर आजचा शस्त्रक्रियेचा रूढ उपाय धातू व प्लॅस्टिकचा सांधा हाच आहे, आणि यंत्रमानवही बसवतो तो तोच.