चालमोगऱ्याच्या तेलाची कसोटी

बियांचें तेल काढण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाहीं. बीं घाण्यांत घातलें, कीं तेल हातीं येतें. परंतु तें तेल औषध आहे, हें सिद्ध करणें किती कठीण असतें, तें चालमोगऱ्याचा इतिहास सांगतो.

पश्चिम समुद्राच्या कांठीं होणाऱ्या 'तुवरक' वृक्षाच्या बियांचें तेल सुश्रुतसंहितेनें कुष्ठावर सांगितलें आहे. आपल्या कोंकणांतील कडू कवठ तोच वृक्ष होय, असें मानतात. चालमोगरा हा त्याचा पूर्वेकडील भाऊबंद. कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनीं १८५४ सालीं त्याच्या तेलाची पाश्चात्य वैद्यकाला ओळख करून दिली. पण बाजारांतील बीं कोणत्या झाडाचें, याविषयींच दीर्घकाळ गैरसमज होता! तो १९०१ सालीं प्रेन यांनीं दूर केला, आणि १९०४ सालीं पॉवर यांनीं तेलांतील विशिष्ट आम्ल वेगळें काढलें.

तरीहि अडचण उरलीच. तेल पोटांत घ्यावें तर मळमळ. टोंचावें तर तें घट्टपणामुळें कातडीखालीं गांठी धरून बसे. हवाई बेटांतील कुमारी ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ तरुणीनें तेलांतील मेदाम्लांचीं एस्टरें करून तीं टोंचण्याजोगीं बनविण्याची रीत बसविली. १९१६ च्या अखेरीस, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. काम पुढें चाललें, पण श्रेय महाविद्यालयाचे प्रमुख डीन यांच्याकडे गेलें. १९२२ सालीं डॉ. हॉलमन यांनीं मात्र आपल्या लेखांत त्या रीतीला बॉल यांचेंच नांव दिलें.

आतां खरी कसोटी. इतर जंतूंवर औषध कांचेच्या बशींत पारखतां येतें. हानसेन यांनीं १८७३ सालीं शोधलेला कुष्ठाचा जंतु मात्र अशा बशींत आजहि वाढत नाहीं. म्हणून तेलाची परीक्षा रोग्यांच्या शरीरावर, वर्षानुवर्षें चालली. कित्येकांचे चट्टे फिके पडले. कित्येकांचा रोग पुन्हा उलटला. १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथें डॉ. फॅजेट यांनीं प्रोमिनचा प्रयोग आरंभिला, आणि सल्फोन औषधांपुढें तेल मागें पडलें. आज अनेक औषधांच्या संयुक्त उपचारानें कुष्ठरोग बरा होतो.

म्हणून तें तेल व्यर्थ ठरलें काय? जन्मभर कोंडून ठेवलेल्या माणसांना आशा अशी प्रथम त्यानेंच दिली. आणि आपल्याला त्यानें तीन प्रश्न दिले. कोणी एखादें तेल जंतुनाशक म्हणून वाखाणूं लागला, कीं विचारावें : बीं कोणत्या झाडाचें? त्यांतील गुणकारी द्रव्य कोणतें? आणि तें पारखलें कोणावर, किती काळ?