६२४ आवाजांचा ‘आ’

‘आयम नॉट इन लव्ह’ हे १९७५ सालचं इंग्रजी गाणं ऐकताना मागे सुरांचा जो दाट पडदा हलत असतो, तो बहुतेकांना सिंथेसायझरचा वाटतो. तो आहे माणसांच्या गळ्यांचा. टेन सीसी नावाच्या बँडमधले तिघं जण माइकसमोर उभे राहून ‘आ’ लावत होते, पुन्हा पुन्हा, तीन आठवडे. त्या ‘आ’ची कुळकथा शोधत मागे गेलं की एका प्रेमगीतापेक्षा एका स्टुडिओची गोष्ट हाती लागते, आणि मला ती गाण्याइतकीच मोलाची वाटते.

मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट हे हॅट बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. १९६८च्या सुमारास तिथल्या एका छोट्या स्टुडिओत पीटर टॅटरसॉल यांच्याबरोबर एरिक स्टुअर्टने भागीदारी घेतली. स्टुअर्ट तोवर माइंडबेंडर्स या बँडचा गायक-गिटारवादक म्हणून गाजलेला होता. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’वरून त्याने स्टुडिओला ‘स्ट्रॉबेरी’ असं नाव दिलं. पुढे ग्रॅहम गोल्डमनही त्यात आला. हॉलीज आणि यार्डबर्ड्ससारख्या बँडना यशस्वी गाणी लिहून देणारा हा पोरगा तेव्हा विशीतच होता. केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम हे दोघे कलाशाळेत शिकलेले मित्र त्यांना मिळाले आणि १९७२ साली टेन सीसी उभा राहिला.

चौघंही गाणारे, लिहिणारे, वाजवणारे. पण त्यांचं खरं भांडवल म्हणजे स्वतःचा स्टुडिओ. लंडनमध्ये तासावर भाडं मोजून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला घड्याळाकडे बघत काम उरकावं लागे. यांना तसली घाई नव्हती. १९७० साली स्टुअर्ट, गॉडली आणि क्रीम नवं यंत्र तपासायला ड्रमचे आवाज मुद्रित करत बसले होते, आणि त्या खटाटोपातूनच ‘निअँडरथल मॅन’ हे गाणं जन्मलं. हॉटलेग्ज या नावाने त्यांनी ते काढलं आणि ते ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. यंत्राशी खेळता खेळता गाणं सापडतं, हा धडा त्यांना तिथेच मिळाला असावा.

‘आयम नॉट इन लव्ह’ची कल्पना स्टुअर्टच्या घरातली. तू मला ‘प्रेम आहे’ असं पुरेसं म्हणत नाहीस, ही पत्नीची तक्रार. सतत म्हटलं तर त्या शब्दांना अर्थच राहणार नाही, हे त्याचं उत्तर. मग तेच न म्हणता सांगायचं कसं, यातून गाणं सुचलं: मी काही तुझ्या प्रेमात नाही, असं बजावत राहणारा आणि प्रत्येक सबबीत आणखी उघडा पडणारा माणूस. चाल गोल्डमनबरोबर बसली. पहिल्यांदा त्यांनी ते ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या ठेक्यावर बांधलं. गॉडली आणि क्रीम यांना ते मुळीच पटलं नाही. गाणं बाजूला पडलं, मुद्रण पुसून टाकलं गेलं.

पण स्टुडिओत काम करणारी माणसं ती चाल गुणगुणत राहिली. ते ऐकून स्टुअर्टने विषय पुन्हा काढला. तेव्हा, ज्याला गाणं आवडलं नव्हतं त्या गॉडलीनेच तोडगा सुचवला: वाद्यं बाजूला ठेवू, सगळं आवाजांवर करू. एवढे आवाज आणायचे कुठून? क्रीम म्हणाला, टेपचे लूप करू.

लूपचं घराणं तोवर चांगलं जुनं झालेलं होतं. पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफरने १९४८ साली तबकडीवर बंद खाच कोरून आवाजाचा एकच तुकडा फिरता ठेवला होता. पुढे तबकडीच्या जागी चुंबकीय फीत आली. फितीचा तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवायची आणि ते कडं यंत्रावर फिरवत ठेवायचं. १९६६ साली अ‍ॅबी रोड स्टुडिओत ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी बीटल्सनी अशी पाच कडी वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरवली. फीत ताणून धरायला कर्मचारी पेन्सिली घेऊन उभे होते. एकच गळा अनेकपट करण्याची रीत तर त्याआधीची. लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांच्या १९५१च्या ‘हाउ हाय द मून’मध्ये एकटी मेरी फोर्ड स्वतःलाच साथ देते.

मेलोट्रॉन हे वाद्यही हाताशी होतं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली मुद्रित फितीचा तुकडा असे. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या सुरुवातीची बासरी त्याचीच. पण पट्टी दाबली की फीत साधारण आठ सेकंदांत संपायची. इथे हवा होता न संपणारा सूर.

म्हणून मग ते तीन आठवडे. गॉडली, क्रीम आणि गोल्डमन एका माइकभोवती उभे राहायचे, स्टुअर्ट काचेपलीकडे यंत्रावर. एक स्वर घ्यायचा आणि तो १६ वेळा गायचा. तिघांचे १६ वेळा म्हणजे एका स्वराला ४८ आवाज. कोमल-तीव्र धरून असे १३ स्वर, म्हणजे एकूण ६२४ आवाज. संख्या भारी आहे, पण मला त्यातला कंटाळा जास्त थक्क करतो. शब्द नाहीत, चाल नाही, नुसता ‘आ’, तोही कणभर हलू न देता. ज्याने खर्ज लावला आहे त्यालाच त्याची किंमत कळेल.

प्रत्येक स्वराच्या ४८ आवाजांचं मग एक कडं झालं. फितीचा जोड यंत्राच्या हेडवरून गेला की बारीकसा टचका ऐकू येतो. तो वारंवार येऊ नये म्हणून कडं लांब ठेवलं, सुमारे १२ फुटांचं. एवढी फीत यंत्रावर मावणार कशी? मग ती माइकच्या स्टँडला लावलेल्या चाकावरून फिरवली. ते कडं फिरत राहिलं आणि १६ ट्रॅकच्या यंत्रात त्या स्वराचा एक अख्खा ट्रॅक भरून निघाला. असे १३ ट्रॅक.

आता मिक्सिंग डेस्क हेच वाद्य झालं. चौघं डेस्कला भिडले आणि चाल बदलेल तसा एकेक स्वर वर-खाली करत सुरांचे मेळ त्यांनी हातांनी वाजवले. एक बारकावा मला फार आवडतो. सरकपट्ट्या अगदी तळाला जाऊ नयेत म्हणून त्यांच्या खाली चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे कोणताच स्वर पूर्ण गप्प होत नाही. तेराही स्वर कायम दबक्या आवाजात चालू राहतात, तंबोऱ्यासारखे. फरक इतकाच की आपला तंबोरा दोन-तीन स्वरांवर ठाम असतो आणि इथे एकमेकांशी न जुळणारे सगळेच स्वर एकत्र असतात. मोठ्या आवाजात ते कानाला सोसवलं नसतं. इतक्या खाली त्याची नुसती वाफ होते.

बाकीचा वाद्यमेळ मुद्दाम बेताचा ठेवला: स्टुअर्टचा इलेक्ट्रिक पियानो, गोल्डमनची गिटार, आणि मूग सिंथेसायझरवर गॉडलीने काढलेला हृदयाच्या ठोक्यासारखा ठोका. मध्यंतरात काहीतरी कमी वाटत होतं. तेवढ्यात स्टुडिओची सेक्रेटरी कॅथी रेडफर्न दार हळूच उघडून, स्टुअर्टसाठी फोन आलाय, असं कुजबुजली. क्रीमने तो आवाज तिथल्या तिथे हेरला. तिला माइकसमोर उभं केलं आणि मध्यंतरातली समजुतीची कुजबुज तिच्याकडून करून घेतली.

‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ हा अल्बम मार्च १९७५मध्ये आला. मर्क्युरी या त्यांच्या नव्या कंपनीने एकेरी तबकडीसाठी आधी त्यातलं ‘लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी’ निवडलं. त्यामागे हिशेब होता. सहा मिनिटांचं, संथ, ड्रमचा दणका नसलेलं गाणं रेडिओ वाजवणार नाही, ही भीती त्या काळी खोटी नव्हती. शेवटी मे महिन्यात ‘आयम नॉट इन लव्ह’ बाहेर पडलं, रेडिओसाठी कापलेली आवृत्तीही निघाली, आणि जूनअखेर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. अमेरिकेत ते तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. २०१४च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ चित्रपटाच्या सुरुवातीला हॉस्पिटलात वॉकमन ऐकत बसलेल्या मुलाच्या कानात हेच गाणं असतं, त्यामुळे आजच्या तरुणांनाही ते ठाऊक आहे.

या गाण्याला आयव्हर नोव्हेलो पुरस्कार तीन मिळाले. ते गीतलेखनाचे पुरस्कार. गाण्याचे कर्ते म्हणून नोंद स्टुअर्ट आणि गोल्डमन या दोघांचीच आहे, आणि नियमाने ती बरोबरच आहे, कारण शब्द आणि चाल त्यांची. पण ज्या आवाजाने गाणं ओळखलं जातं त्यामागच्या दोन्ही कल्पना, नुसते गळे आणि फितीची कडी, गॉडली आणि क्रीम यांच्या. नाद घडवणाऱ्याला गाण्याच्या मालकीत वाटा देणारा रकाना त्या नोंदीत नव्हता. १९७६ साली ते दोघे टेन सीसीतून बाहेर पडले. त्यांना गिझमो नावाचं आपलं उपकरण पुढे न्यायचं होतं. गिटारवर बसवायचं, मोटरवर चालणारं, छोट्या चाकांनी तारा घासत सूर हवा तेवढा वेळ लांबवणारं. त्यासाठी त्यांनी १९७७ साली ‘कॉन्सिक्वेन्सेस’ हा तीन तबकड्यांचा अल्बम केला. तो फारसा खपला नाही.