सातबारा : नोंद एक, साचे अनेक

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या जुन्या घरातली कागदांची पेटी उघडली, तर जमिनीचे दोन काळ शेजारी शेजारी सापडतात. एक निजामी राजवटीतला, उर्दू लिपीतला; दुसरा मराठी सातबाऱ्याचा. मधले, १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रकही कधी कधी असते. जमीन तीच, कागदाची आखणी मात्र वेगळी. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे इथेही गाव नमुन्यांची पद्धत रुळली.

‘सातबारा’ हे मुळात दोन नमुन्यांचे जोडनाव आहे, हे सांगितले की विद्यार्थ्यांना गंमत वाटते. गाव नमुना सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र पाहायची तर नमुना आठ-अ. हक्क कसा बदलला ते नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. वह्यांच्या काळात एकच गोष्ट तलाठ्याला अनेक ठिकाणी लिहावी लागे. फेरफाराचा अंमल सातवर झाला आणि आठ-अ वर राहून गेला, तर खरा कागद कोणता?

संगणकशास्त्रात या अडचणीचे उत्तर १९७० साली मिळाले. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत मांडली. एक गोष्ट शक्यतो एकदाच नोंदवायची. पाहणाऱ्याला हवे ते चित्र तक्ते जोडून त्या वेळी तयार करायचे. मग छापील नमुना म्हणजे नुसता साचा उरतो. ‘येथे गट क्रमांक, येथे क्षेत्र’ अशा त्यात खुणा असतात. उतारा मागितला की यंत्र तक्त्यांतून उत्तरे काढून त्या जागा भरते.

याचा पडताळा आपल्याकडे २०२० साली आला. सातबाऱ्यावर राज्य शासनाचे बोधचिन्ह उमटले, गावाच्या नावाबरोबर सांकेतांक आला, खाते क्रमांक खातेदाराच्या नावाशेजारी गेला. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. ते कोणी पुन्हा लिहीत बसले नाही. साचा तेवढा बदलला.

पण साचा चूक सुधारत नाही, ती सुबक करतो. आम्हाला हे फार खटकते. वहीतली खाडाखोड निदान संशय तरी उत्पन्न करी! म्हणून २०१७ चे चावडी वाचन आम्हाला संगणकाइतकेच मोलाचे वाटते. संगणकात भरलेले सातबारे गावोगाव मोठ्याने वाचले गेले, ज्याची जमीन त्याने चूक सांगावी म्हणून. अशा लेखनदोषांची दुरुस्ती १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील कलम १५५ खाली होते.

दुसरी अडचण रकान्याची. जे विचारलेच नाही, ते तक्त्यात येत नाही. सातबाऱ्यावर जातीचा रकाना नाही. त्यामुळे २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा खासरा पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरे उघडावी लागली. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. असे एखादे रजिस्टर तुमच्याही शाळेच्या कपाटात असेल. नावे झाकून नुसती रकान्यांची शीर्षके वर्गात वाचावीत, आणि त्यांतली कोणती आज उरली नाहीत ते मुलांना शोधू द्यावे.