अडुळसा : एका झुडपाची भाषांतरे

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने निघाले की पंचवीस-तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. आज हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर येते ती औद्योगिक वसाहत, तिचे रुंद रस्ते, कारखान्यांच्या लांबच लांब भिंती. पण नावातली ‘बोरी’ वेगळे सांगते. विदर्भाचा नकाशा उघडला तर तो अर्धाअधिक वनस्पतिकोशच वाटतो : उमरी, पिंपरी, सावरगाव, पळसगाव आणि ठिकठिकाणच्या बोऱ्या. गावाला नाव देण्याचा मान सहसा वृक्षांना मिळतो. झुडपे धुऱ्यावर राहतात. आमचा विषय असेच एक धुऱ्यावरचे झुडूप आहे. त्याचे नाव अडुळसा.

त्याला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही. पुरुषभर उंची, समोरासमोर येणारी भाल्यासारखी लांबट पाने, हिवाळ्याच्या सुमारास येणारे पांढऱ्या फुलांचे तुरे आणि फुलांच्या ओठांवर जांभळट रेघा. पाने कमालीची कडू. गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून वावराच्या कुंपणाला ते सोयीचे. कीड लागू नये म्हणून फळे पिकवताना आणि साठवताना अडुळशाची पाने अंथरण्याची चालही आहे. कुंपणाच्या जागी तार आली आणि तारेच्या जागी भिंत आली, तसे हे झुडूप वसाहतीच्या कडेला सरकत गेले. मात्र बुटीबोरीतल्या औषधाच्या दुकानात ते दोन रूपांनी भेटते. एका बाटलीवर अडुळशाचे पान छापलेले असते आणि तिला आपण काढा म्हणतो. दुसरीवर पान नसते, ‘ब्रोमहेक्सिन’ असे अक्षर असते आणि तिला आपण डॉक्टरी औषध म्हणतो. या दोन बाटल्यांमध्ये फार तर वीतभर अंतर असेल. ते अंतर पडायला सुमारे दोन हजार वर्षे कशी लागली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

नावांपासून सुरुवात करू, कारण साहित्याच्या अभ्यासकाला तोच रस्ता परिचयाचा. निघंटूंमध्ये या झुडपाला वासा, वासक, वृष, आटरूषक अशी नावे आहेत. ‘आटरूष’ हा शब्द मराठीच्या तोंडी घोळून ‘अडुळसा’ झाला, असे भाषाशास्त्र सांगते. फुलाच्या उघड्या जबड्यावरून ‘सिंहास्य’ हे नाव पडले. वनस्पतीला नाव देणाऱ्याची नजर कवीची असू शकते याचा हा चांगला दाखला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने नोंदवलेल्या नावांत एक विलक्षण नाव आहे : भिषङ्माता, म्हणजे वैद्याची आई. जी दाराशी असली की वैद्याला घोर नाही, ती.

युरोपीय नामकरणाची गंमत याहून न्यारी. लिनियसने १७५३ मध्ये या झुडपाला ‘जस्टिशिया अधातोडा’ म्हटले. पहिला शब्द जेम्स जस्टिस या स्कॉटिश उद्यानतज्ज्ञाच्या स्मरणार्थ. दुसरा तमिळ ‘आडातोडै’वरून, शेळी ज्याला शिवत नाही ते, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे एका स्कॉटिश माळ्याची आणि तमिळ शेळीची लॅटिनमध्ये गाठ पडली. पुढे १८३२ मध्ये नेस फॉन एझेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘अधातोडा वासिका’ असे नाव दिले : पहिला शब्द तमिळ, दुसरा संस्कृत, वेष लॅटिन. वनस्पतिशास्त्राने आता पुन्हा लिनियसचेच नाव मानले आहे. औषधाच्या बाटल्यांवर मात्र नेस अजून टिकून आहे. असो.

आता मुद्द्याकडे वळू. अडुळसा म्हणजे खोकल्याचे औषध, असे आज कोणीही शाळकरी मूल सांगेल. जुन्या ग्रंथांत त्याचे पहिले घर मात्र खोकल्याचे नाही. चरकसंहितेत वासाघृत येते ते रक्तपित्ताच्या चिकित्सेत. रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून किंवा अधोमार्गाने रक्त जाणे. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकला की ज्याला आपण ‘घोळणा फुटला’ म्हणतो, तेही या व्यापक संज्ञेत बसते आणि क्षयाच्या रोग्याच्या थुंकीतले रक्तही. वैद्यांच्या तोंडी असलेला एक जुना श्लोक रक्तपित्त, क्षय आणि कास अशा तिघांच्या रोग्यांना अडुळशाचा धीर देतो. तिथेही पहिला मान रक्तपित्ताचाच.

कृतीही पाहण्यासारखी आहे. अडुळशाचे पान नुसते कुटले तर रस नीट निघत नाही. म्हणून शार्ङ्गधराने पुटपाक सांगितला : पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा, विस्तवात भाजायचा आणि मग पिळायचा. आपल्याकडे पाने वाफवून किंवा तव्यावर गरम करून पिळतात आणि रसात मध घालतात, ती या पुटपाकाचीच घरगुती आवृत्ती. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधी गुणादर्श’सारख्या ग्रंथातून ही विद्या मराठीत आणली. भाषांतरांच्या मालिकेतले हे एक भाषांतर, आणि आमच्या मते सर्वांत कमी तोडमोड करणारे.

दुसरे भाषांतर उटकमंडला झाले. डेव्हिड हूपर हे मद्रास सरकारच्या नोकरीत सिंकोनाच्या सालीतले क्विनीन तपासणारे रसायनज्ञ. १८८८ मध्ये त्यांनी अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले आणि त्याला ‘वासिसीन’ हे नाव दिले. वासा हा शब्द असा रसायनशास्त्रात शिरला. पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक, कलकत्त्याचे वॉर्डन आणि हूपर या तिघांनी १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. ब्रिटिश फार्माकोपियाची जी वसाहतींसाठीची पुरवणी १९०० साली निघाली, तीत अडुळशाला जागा मिळाली. कुंपणावरचे झुडूप साम्राज्याच्या दप्तरात गेले.

वासिसीनचा रेणू लहानसा आहे : अकरा कार्बन, बारा हायड्रोजन, दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन. त्याची क्विनॅझोलिन वर्गातली रचना १९३०च्या दशकात पक्की झाली. त्याच सुमारास हेही उमगले की हरमलाच्या झुडपातून मिळणारे ‘पेगॅनिन’ म्हणजे हेच द्रव्य. दोन झुडपे, दोन नावे, रेणू एक. समानार्थी शब्दांचे इतके निर्विवाद उदाहरण भाषेत मिळणे कठीण. हवेच्या संपर्कात वासिसीनचे काही प्रमाणात ‘वासिसिनोन’ होते : दोन हायड्रोजन जातात, एक ऑक्सिजन येतो. श्वासनलिका रुंदावण्याचा गुण या दुसऱ्या द्रव्यात असल्याचे अमीन आणि मेहता यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. त्यापूर्वी १९२५ मध्ये रामनाथ चोप्रा आणि घोष यांनी अडुळशाच्या गुणांची प्रयोगशाळेत तपासणी केली होती. कफ पातळ करून सुटा करण्याचा गुण त्यांना मान्य झाला. श्वासनलिकेवरचा परिणाम सौम्य वाटला. पूजाही नाही आणि झिडकारही नाही, असे हे चोप्रांचे धोरण आम्हाला आजही अनुकरणीय वाटते.

तिसरे भाषांतर जर्मनीतले. वासिसीनच्या सांगाड्यापासून प्रेरणा घेऊन तेथील रसायनज्ञांनी नवे रेणू रचले, आणि त्यांतला ब्रोमहेक्सिन १९६३ मध्ये औषध म्हणून बाजारात आला. पुष्कळ ठिकाणी ब्रोमहेक्सिनला अडुळशाचा अर्क समजतात. ते बरोबर नाही. त्यात ब्रोमीनचे दोन अणू आहेत, सहा कार्बनांचे एक वलय आहे, आणि वासिसीनमधले एक वलय उकललेले आहे. तो कारखान्यात घडतो. त्यासाठी एकही पान खुडावे लागत नाही. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते, त्यातूनच अँब्रॉक्सॉल हे पुढचे औषध मिळाले. कफातले चिकट धागे सैल करणे हे दोघांचे काम.

येथे आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आमचेच ज्ञान परदेशी बाटलीत भरून आम्हाला विकले. दुसरा म्हणतो, रेणू सापडल्यावर झुडपाशी काय काम? पहिल्या पक्षाला सांगितले पाहिजे की ग्रंथात ब्रोमहेक्सिन नव्हते. होती ती एक दिशा. दुसऱ्याला सांगितले पाहिजे की ती दिशा फुकट मिळालेली नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या रोग्यांनी ती आखली होती. पण आमची खरी तक्रार या दोघांच्याही पलीकडची आहे. रसायनशास्त्राने अडुळशातून जे उचलले ते कफाचे काम, आणि मग सगळ्या झुडपाचाच अर्थ तेवढा झाला. रक्तपित्त मूळ पाठात राहिले, भाषांतरात आले नाही. नवल हे की भाषांतर इतके यशस्वी ठरले की मूळ भाषेतले लोकही आता त्याच अर्थाने शब्द वापरतात. घोळणा फुटला की कोणी अडुळशाकडे वळत नाही. खोकला आला की पान छापलेली बाटली उघडतात.

गळलेले कधी कधी परतही येते. सुखप्रसवाच्या प्रकरणांत जुन्या ग्रंथकारांनी अडुळशाच्या मुळाचा लेप सांगितला आहे. तो कोणी फारसा मनावर घेतला नव्हता. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील चं. कि. अटल यांनी १९८०च्या प्रबंधात वासिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते, गर्भपातही करू शकते, हे दाखवले. म्हणजे ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असे म्हणून गर्भवती स्त्रीने अडुळशाचा रस घेणे योग्य नव्हे. या एका तपशिलासाठी तरी काढ्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत.

आणि क्षय. त्या जुन्या श्लोकातला दुसरा रोग. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत क्षयरोग्याला जंतूवर चालणारे खात्रीचे औषध नव्हते. अडुळसा त्याला धीर देत होता, बरे करीत होता असे म्हणायला आधार नाही. मात्र १९९६ मध्ये ग्रेंज आणि स्नेल या संशोधकांनी ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल यांचा क्षयाच्या जंतूवर प्रयोगशाळेतल्या नळीत परिणाम होतो असे प्रसिद्ध केले. नळीतला जंतू आणि फुप्फुसातला जंतू यांत मोठे अंतर आहे, आणि क्षयाच्या मान्य औषधांना त्यामुळे पर्याय मिळालेला नाही. अँब्रॉक्सॉल तर आता कफाच्याही पलीकडे गेले आहे. पार्किन्सनच्या विकारात पेशीतल्या एका विकराला ते साहाय्य करते का, हे तपासण्यासाठी लंडनमध्ये रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले आणि त्यानंतर मोठ्या चाचणीची तयारी झाली. या विकाराचे नाव भावमिश्राच्या यादीत वासकाखाली नाही. मूळ संहितेत नसलेला अर्थ भाषांतराच्या भाषांतराने शोधायला घेतला आहे.