सव्वातीन फूट आणि वर थोडे

कार्यालयास जाता-येता मल्लेश्वरमचे चिमुकले रेल्वे स्थानक आमच्या वाटेत लागते. तेथील रुळांमधील अंतर आज कागदोपत्री १६७६ मिलिमीटर आहे, म्हणजे मुळात साडेपाच फूट. पूर्वी याच मार्गावर मीटरगेज गाडी धावत असे. फुटा-इंचांच्या अमदानीत येथे मीटर यावा आणि दशमानाच्या राज्यात त्याची जागा फुटांनी घ्यावी, ही उलटी गंगा कशी वाहिली?

हिंदुस्थानातील आरंभीचे प्रमुख लोहमार्ग साडेपाच फुटी होते. ते फार खर्चाचे, म्हणून लॉर्ड मेयोच्या कारकीर्दीत, १८७० च्या सुमारास, अरुंद मार्गाचा विचार होऊन सव्वातीन फुटांचे माप पुढे आले. परंतु मेयोच्या मनात दशमान वजनमापेही आणावयाची होती. १८७१ च्या कायद्याने शेर हा एका किलोग्रॅमइतका धरला होता. त्याच्याशी मेळ राहावा म्हणून सव्वातीन फुटांत तीन अष्टमांश इंचाची भर घालून पुरा मीटर करण्यात आला. पुढे १८७२ साली अंदमानात मेयोचा खून झाला आणि तो कायदा कागदावरच राहिला. मीटर मात्र तोवर लाकडी स्लीपरांवर खिळ्यांनी ठोकला गेला होता! त्याच्या रुळांचे वजन यार्डामागे पौंडांत, अंतर मैलांत. परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा तो एकटाच राहिला.

सदर्न मराठा रेल्वेचा पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंडा, हुबळी असा येणारा मार्ग या मीटरचाच. मुंबईची मराठी मंडळी पुण्यास ब्रॉडगेज सोडून मीटरगेजमध्ये बसत, तेव्हा कोठे बंगळूर गाठत. मद्रासकडून येणारा मार्ग पुन्हा साडेपाच फुटी. त्यामुळे पुढे जाणारा माल येथे पोते न पोते उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. मेयोने वाचविलेला पैसा हमालीत किती गेला, याचा हिशेब आम्हां कारकुनांना मांडावासा वाटतो.

दशमान मापांचा कायदा अखेर १९५६ साली झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. मीटरला घर मिळाले. पण १९९२ पासून एकमापी धोरणाने देशभरची मीटरगेज उखडण्याचा सपाटा सुरू झाला, आणि डलहौसीच्या काळचे साडेपाच फूट मिलिमीटरांचा वेष घेऊन सर्वत्र पसरले.

आमच्या टेबलावरील नकाशे चौरस मीटरांत असतात. घरी परतताना मात्र शेजारी नव्या जागेचे माप सांगतात ते ‘तीस बाय चाळीस’ असे, आणि फूट हा शब्द उच्चारण्याची त्यांना गरजही भासत नाही.