कोपनहेगन, ऑगस्ट १९५२

लॉगमधला आकडा बरोबर आणि आपण लावलेला अर्थ चुकीचा, हे आमच्या धंद्यात नेहमीचंच. मागच्याच महिन्यात यापायी माझी अख्खी रात्र गेली. नुकसान काय, तर झोप. पण अशाच एका चुकीपायी माणसं गेली होती.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये दिवसाला पन्नासेक पेशंट येऊ लागले. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत त्यांच्यासाठी 'लोखंडी फुफ्फुस' होतं एक, आणि छातीवर बसवायची यंत्रं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांपैकी २७ गेले.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कार्बन डायॉक्साइडचं एकूण प्रमाण खूप वाढलेलं दिसायचं. डॉक्टरांनी अर्थ लावला, रक्त अल्कलाइन झालंय, कारण माहीत नाही. शिवाय पेशंट गुलाबी दिसतोय, मग श्वास कमी पडतोय असं कोण म्हणणार?

म्हणाला तो ब्यॉर्न इब्सेन, भूलतज्ज्ञ. नुसता ऑक्सिजन दिला की रंग छान राहतो, पण श्वास उथळ असेल तर कार्बन डायॉक्साइड आतच साठत जातो. घाम फुटणं, ब्लडप्रेशर चढणं ही त्याचीच लक्षणं. म्हणजे पेशंट निळा पडायची वाट बघत बसलात तर गाडी आधीच सुटलेली!

२७ ऑगस्टला १२ वर्षांच्या विवीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. ती इतकी धडपडत होती की पिशवी दाबून हवा आत जाईना. इब्सेनने पेंटोथल दिलं. तिचा स्वतःचा श्वास थांबला. बघायला जमलेले डॉक्टर 'संपलं' म्हणून निघून गेले (डेमो फसताना दिसला की आपल्याकडेही खोली अशीच रिकामी होते). पण आता हवा आत जाऊ लागली, कार्बन डायॉक्साइड उतरला आणि विवी वाचली.

पुढे साधारण १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रबरी पिशव्या दाबत बसले, एका वेळी ७० पेशंटपर्यंत, रात्रंदिवस. विशीतली पोरं ती. कुणी समोरच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवायचं, आणि तेच मूल कधी हातातली पिशवी चालू असतानाच जायचं. तरी मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून चाळिशीच्या आसपास आलं.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेनने गंभीर पेशंटसाठी वेगळा विभाग उघडला. आयसीयूची सुरुवात बरेच जण तिथूनच धरतात. नळी नेमकी कधी घालायची हा वाद मात्र २०२० च्या कोविडमध्येही जोरात होता.

विवीला नंतरही श्वासासाठी यंत्र लागतच राहिलं. ती १९७१ पर्यंत जगली.